घरची पृच्छा कोणास कळावी?

मनुष्यास नांवें लक्षांत राहतात, आंकडे राहत नाहींत. यंत्राचें नेमकें उलट. इंटरनेटवरील प्रत्येक स्थळाला अंकांचा पत्ता असतो, आपण मात्र त्यास नांवानें हाक मारतों. नांवावरून पत्ता शोधून देणारी जी व्यवस्था, तिलाच डीएनएस म्हणतात. आरंभीं अशा नांवांची एकच यादी अमेरिकेंतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेंत ठेवीत असत. ती पुरेनाशी झाली, तेव्हां १९८३ सालीं पॉल मोकापेट्रिस यांनीं हें काम अनेकांत वांटून देणारी आजची व्यवस्था रचली.

आमच्या घरांत लहानथोर मिळून अकरा माणसें. रात्रीच्या वेळीं इंटरनेट रखडतें, ही तक्रार नित्याची झाली, तेव्हां आमच्या पुतण्यानें "काका, डीएनएस बदलून पाहूं या" असें सुचविलें. आणि या विषयांत आम्हांस लक्ष घालावें लागलें.

प्रथम वेगाविषयीं. डीएनएस बदलल्यानें तारेंतून येणारा प्रवाह वाढत नाहीं. वांचतो तो केवळ पान उघडण्यापूर्वीं पत्ता विचारण्याचा क्षण, आणि तोहि सेकंदाच्या अल्प अंशाचा. शिवाय एकदां मिळालेलें उत्तर यंत्र कांहीं काळ स्मरणांत ठेवतें. मात्र एका पानासाठीं अनेक स्थळांचे पत्ते लागतात. म्हणून उत्तर देणारा सर्व्हर सुस्त असेल तर खोळंबा जाणवतो. आम्हीं मोजून पाहिलें. फरक होता, पण थोडका. राउटर लोखंडी कपाटामागून काढून दिवाणखान्यांत ठेवल्यानें जें साधलें, तें त्याहून पुष्कळ अधिक होतें.

दुसरा प्रश्न खाजगीपणाचा, आणि तोच आमच्या मतें महत्त्वाचा. आपण कोणता पत्ता विचारला, हें उत्तर देणाऱ्यास कळतेंच. आपण कांहींच न बदलल्यास बहुधा जोडणी देणारी कंपनीच उत्तर देते. तिच्याऐवजीं गूगलचा ८.८.८.८ (२००९), क्वाड-नाइनचा ९.९.९.९ (२०१७) किंवा क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ (२०१८) विनामूल्य घेतां येतो. यांपैकीं क्वाड-नाइन घातक स्थळांचे पत्ते देण्याचें नाकारतो. ही पृच्छा पूर्वीं उघड्या पोस्टकार्डासारखी जात असे. ती लिफाफ्यांत घालून पाठविण्याच्या रीती २०१६ व २०१८ सालीं ठरल्या. तरी लिफाफा पोंचला कोठें, हें जोडणी देणाऱ्यास बव्हंशीं दिसतेंच. तात्पर्य, डीएनएस बदलणें म्हणजे विश्वास एकाकडून काढून दुसऱ्याकडे ठेवणें होय.

परंतु खरी कसोटी याहून जवळ होती. जाहिराती रोखण्यासाठीं पुतण्यानें घरींच एका लहानशा यंत्रावर पाय-होल नांवाची योजना बसविली. ती घरांतील साऱ्या पृच्छा आपल्याकडे घेते आणि कोणत्या यंत्रानें केव्हां काय विचारलें, याची वही ठेवते. ती वही त्यानें कौतुकानें आमच्यापुढें उघडली. पहिल्याच पानावर, घरांतील एका फोनावरून रात्रीं दोन वाजतां एका कर्करोग रुग्णालयाचें नांव विचारलेलें दिसलें.

पुतण्या आमच्याकडे पाहूं लागला. आम्हीं त्यास पान मिटावयास सांगितलें आणि कोणापाशीं अवाक्षर काढूं नये असें बजाविलें. ते चार दिवस आम्हांस जड गेले. पांचव्या दिवशीं ती व्यक्ति आपण होऊन तपासणीचा कागद घेऊन आमच्याकडे आली. गांठ निरुपद्रवी निघाली होती. "निदान कळल्याशिवाय घरांत कोणाचा जीव टांगणीला लावूं नये, असें वाटलें," एवढेंच ती म्हणाली.

त्याच रात्रीं आम्हीं ती वही बंद करविली. तशी सोय त्या योजनेंतच आहे. लहान मुलांच्या यंत्रांस क्लाउडफ्लेअरचा १.१.१.३ लावला, कारण तो अश्लील स्थळांस अटकाव करतो. पण तसें त्यांना समोर बसवून सांगितलें. इतरांच्या पृच्छा क्वाड-नाइनकडे लिफाफ्यांतून जातात.

एकत्र कुटुंबांत भिंती पातळ असतात, आणि त्या तशा असण्यांत सुखहि आहे. तथापि आपलें दुःख कोणास व केव्हां सांगावें, हा अधिकार ज्याचा त्याचाच असला पाहिजे. परक्या कंपनीनें आपल्या घरांत डोकावूं नये असें म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांनीं हा नियम प्रथम स्वतःस लावावा, असें आम्हांस वाटतें.