निरंक

आमच्या जुन्या घराच्या दाराशेजारी, भिंतीवर काळ्या रंगात छापलेला एक चौकोन होता. आत बारीक रकाने, रकान्यांत तारखा आणि सह्या. दिवाळीआधी चुना देताना आई तेवढा चौकोन सोडून कुंचला फिरवायची. सरकारी लिहिणं पुसायचं नसतं, हे एक कारण. दुसरं असं, की सही तिच्याच नवऱ्याची असायची.

आप्पा मलेरियाचे कर्मचारी. राष्ट्रीय मलेरिया निर्मूलन कार्यक्रम १९५८ चा, पण त्याचा शिरस्ता माझ्या लहानपणी, सत्तरच्या दशकातही चालू होता. दर पंधरा दिवसांनी घरोघर जायचं, "ताप कोणाला?" म्हणून विचारायचं, असेल त्याचं बोट टोचून काचेवर रक्त घ्यायचं. सायकलच्या कॅरिअरला पेटी, पेटीत काचपट्ट्या आणि स्पिरिटचा वास. सायकलची घंटी वाजली की आम्ही पोरं कणगीमागं. क्लोरोक्वीनच्या कडू गोळ्या त्यांच्यासमोरच गिळाव्या लागत. काच तालुक्याला जायची आणि निकाल यायचा, तोवर तापकरी उठून रानात कामाला लागलेला असायचा.

रात्री कंदिलाशी बसून ते अहवाल लिहीत. बहुतेक रकान्यांत एकच शब्द : निरंक. तो लिहायची मला भारी हौस. एकदा ओढ्याला पूर होता, पलीकडची वस्ती राहून गेली. मी ऐटीत तिच्यापुढंही निरंक लिहून मोकळा झालो. आप्पांनी वही ओढून घेतली. "ताप नाही आणि ताप विचारलाच नाही, कागदावर दोन्ही सारखंच दिसतं. खोड ते."

तो काळ सोन्याचा होता, असं मात्र म्हणवत नाही. पहिल्या पावसात विहिरीत गढूळ पाणी उतरायचं आणि हगवण-वांत्या सुरू व्हायच्या. सांगावा घेऊन माणूस सायकलवर आरोग्य केंद्र गाठायचा. साथ पुढं, अहवाल मागं. देवीच्या वेळी तर रुग्ण शोधण्यासाठी सरकारनं बक्षीस लावलं होतं. १९७५ मध्ये ते १,००० रुपयांवर गेलं. नुसत्या बातमीला एवढी किंमत होती.

आज माझी सून उपकेंद्रात सिस्टर आहे. तिच्या हातात वही नाही, टॅब आहे. २००४ मध्ये एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प आला आणि आठवड्याच्या माहितीची तीन दारं ठरली. कर्मचाऱ्यानं लक्षणांवरून कळवायचं, डॉक्टरनं तपासून, प्रयोगशाळेनं चाचणीवरून. २०२१ पासून सगळं नव्या ऑनलाइन पोर्टलवर गेलं. १८ आजारांवरची नजर ३३ आजारांवर आली. वस्तीवर जुलाबाचे चार रुग्ण वाढले, तर संध्याकाळच्या आत जिल्ह्याला दिसतात. आप्पांच्या काचा ज्या तालुक्याला एसटीनं जायच्या, तो तालुका आता सुनेच्या बोटाखाली आहे.

पण जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी या भागांत गुइलेन-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले, तेव्हा जुनी वाट पुन्हा दिसली. एरवी क्वचित भेटणारा, हातापायांतलं बळ काढून घेणारा आजार एकाच पट्ट्यात इतक्या जणांना कसा, हा प्रश्न आधी रुग्णालयांत, माणसांना पडला. मग आकडे जुळले, नकाशा झाला, पाण्याचे नमुने गेले. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी सापडला. रुग्णसंख्या दोनशेच्या पुढं गेली. आणि त्या दिवसांत कर्मचारी काय करत होते? हजारो घरांची दारं वाजवत होते. "हातापायांना मुंग्या येतात का? जुलाब झाले होते का?"

आप्पा आता नव्वदीत आहेत. परवा सून टॅबवर माहिती भरत होती. डोळ्यांवर हात धरून त्यांनी पडद्याकडं पाहिलं आणि विचारलं, "इथं शून्य टाकलंस. धनगरवाड्यावर जाऊन आलीस?"

ती हसली. "नाही आप्पा. सकाळी जाते, मग भरते." तिनं तो रकाना मोकळा केला.

जुन्या घराच्या भिंतीवरचा चौकोन आता चुन्याखाली गेलाय. दारावर मात्र पोलिओच्या फेरीत कोणीतरी खडूनं फुली मारून ठेवली होती. घरात पोर भेटलं नाही, परत यायचं आहे, अशी ती खूण. चार दिवसांनी पाहिलं, तर कोणीतरी खरंच येऊन गेलं होतं. फुली पुसलेली होती.