चिंध्यांचा कोट

गाणे म्हटले की ते ख्यालाच्या घरचे असावे, निदान नाट्यपदाच्या तरी, अशा समजुतीत माझे अर्धेअधिक आयुष्य गेले. त्यामुळे परवा माझी पुतणी मोबाइलवर अमेरिकेतील ‘कंट्री’ संगीत ऐकत बसली, तेव्हा मी नाक मुरडून म्हणालो, “यात आहे काय? गिटारीवर तीनचार स्वरमेळ आणि वर गावगप्पा!” ती हसून म्हणाली, “काका, शब्दांकडे लक्ष द्या ना.” मी दिले, आणि माझी विद्वत्ता निमूटपणे खाली बसली.

ते गाणे डॉली पार्टन या गायिकेचे. १९४६ साली टेनेसीच्या डोंगराळ मुलखात, एका गरीब शेतकऱ्याच्या बारा मुलांत ती चौथी जन्मली. १९६९ साली दौऱ्यावर बसमधून जात असता तिला हे गाणे सुचले. जवळ कागद नव्हता. म्हणून सहगायक पोर्टर वॅगनर याच्या कपड्यांच्या धुलाईच्या पावतीमागे तिने ते उतरून काढले. १९७१ साली त्याची ध्वनिमुद्रिका निघाली.

कथा चिमूटभर आहे. आई चिंध्या जोडून मुलीला कोट शिवते आणि शिवता शिवता बायबलातील योसेफाच्या रंगीबेरंगी झग्याची गोष्ट सांगते. मुलगी ऐटीत शाळेला जाते, मुले हसतात. पण कारागिरी कशी ती पाहा. ‘आम्ही दरिद्री होतो’ एवढे म्हणून भागले असते. ती मात्र विजारीची ठिगळे आणि बुटांची भोके दाखवते. आईची माया आपण आधी पाहिलेली असते, म्हणून मुलांचे हसणे नंतर आपल्यालाच झोंबते. हसणाऱ्यांवर ती मुलगी कोरडे ओढीत नाही. त्यांना हसू का यावे, याचेच तिला नवल वाटते. त्या कोटाचे नाव गाण्यात पुनःपुन्हा येते. प्रथम ते नुसते वस्त्र असते. अखेरीस तेच हसणाऱ्यांना दिलेले उत्तर होते. शब्द तोच ठेवून अर्थ वाढवीत नेणे, ही विद्या सोपी खचित नव्हे.

मला ते गाणे झोंबले, त्याला आणखीही एक कारण होते. मी चौथीत असताना आईने आजीच्या जुन्या लुगड्याचा मला सदरा शिवला होता. शाळेत मुले हसली. घरी येऊन मी तो सदरा आईपुढे फेकला आणि पुन्हा कधी अंगाला लावला नाही. तिने मुकाट्याने घडी घालून तो ठेवून दिला. या गोष्टीला आज पन्नास वर्षे झाली. आम्ही तिचा उच्चारही केला नाही.

त्या संध्याकाळी आई माजघरात वाती वळत बसली होती. मी तिला गाण्याचा अर्थ सांगितला. ऐकून ती म्हणाली, “मग ती पोर आईवर रागावली असेल, नाही?”

“नाही. उलट, तो कोट हीच आपली श्रीमंती, असं तिनं साऱ्यांना सांगितलं.”

“शहाणी पोर!” आई म्हणाली.

थोडा वेळ मी तसाच बसून राहिलो. मग कसेबसे बोललो, “आई, त्या सदऱ्याचं मला फार वाईट वाटतं.”

“कुठला रे सदरा?” तिने विचारले. पण वात वळणारी तिची बोटे थांबली होती.