फोटोतले गाव आणि फोटोबाहेरचे गाव

लंडनला जाणारा आंबेडकरी माणूस एका घरासमोर हमखास उभा राहतो. १०, किंग हेन्रीज रोड. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये शिकत असताना इथे राहत होते. भिंतीवर तशी निळी गोल पाटी आहे. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने हे घर विकत घेतले आणि आता तिथे स्मारक आहे. आम्ही चौघे कार्यकर्ते दोन वर्षांपूर्वी तिथे गेलो. आमच्यातील एकाची मुलगी तिकडे शिकते, तिच्या निमित्ताने जाणे घडले. सगळे करतात तेच आम्हीही केले. वंदन केले, फोटो काढले, डोळे पुसले.

बाहेर आल्यावर आमच्यातील एकाने विचारले, "बाबासाहेब इथून ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयाकडे निघायचे, तेव्हा हा रस्ता दिसत कसा असेल?" प्रश्न साधा होता. पण त्याचे उत्तर शोधता शोधता आम्ही जुन्या फोटोंच्या नादाला लागलो आणि त्यातून जे सुचले ते इथे मांडत आहोत.

ब्रिटनमध्ये जुन्या वस्तूंच्या दुकानात गेलात तर जुन्या पोस्टकार्डांची खोकी दिसतात. आधी परगणा, मग शहर, मग खेडे अशी लावून ठेवलेली. माणसे येतात, आपल्या गावाचा कप्पा काढतात आणि चाळत बसतात. शहरातल्या वाचनालयात स्थानिक इतिहासाचे वेगळे कपाट असते. ज्या खेड्यात पन्नास घरे आहेत त्याचाही शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा फोटो निघतो. चर्च, पूल, दुकान, दुकानाच्या दारात उभा दुकानदार. आम्हाला आधी हे वेड वाटले, मग हेवा वाटला.

हे आपोआप झालेले नाही. फ्रान्सिस फ्रिथ नावाचा एक माणूस १८२२ मध्ये चेस्टरफील्डला जन्मला. किराणा मालाच्या घाऊक व्यापारात त्याने पैसा कमावला, मग इजिप्तमध्ये जाऊन फोटो काढले आणि १८६० च्या सुमारास सरे परगण्यातल्या रायगेट गावी कंपनी काढली. देशातल्या प्रत्येक गावाचा फोटो काढायचा, हा त्याचा बेत. त्याच्यामागे मुला-नातवंडांनी हे काम चालू ठेवले. त्या संग्रहात आज सुमारे ७,००० शहरे आणि खेडी आहेत. १८९७ मध्ये बर्मिंगहॅमचे एक खासदार बेंजामिन स्टोन यांनी तर राष्ट्रीय फोटो-नोंदीसाठी संस्थाच स्थापन केली. गावोगावच्या जत्रा, चालीरीती, इमारती यांचे फोटो काढून ते ब्रिटिश म्युझियममध्ये जमा करायचे, हा तिचा उद्देश होता. १९०२ मध्ये तिथल्या टपाल खात्याने पोस्टकार्डाच्या एकाच बाजूला पत्ता आणि मजकूर दोन्ही लिहायला परवानगी दिली. दुसरी संपूर्ण बाजू चित्राला मोकळी झाली. अर्ध्या पेनीच्या तिकिटात गावाचा फोटो घरोघर जाऊ लागला.

इथे थांबून एक प्रश्न विचारला पाहिजे. खेड्यांचे एवढे प्रेम त्याच काळात का उतू गेले? कारण खेडी रिकामी होत होती. १८५१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये शहरांतली लोकसंख्या खेड्यांपेक्षा जास्त भरली. शेतमजूर गिरण्यांत आणि खाणींत गेले. मग शहरातल्या सुखवस्तू माणसाला गवताने शाकारलेली घरे सुंदर दिसू लागली. त्या घरात राहणाऱ्याला ती गळकी दिसत होती. मालकाने कामावरून काढले की अनेकदा ते घरही जायचे. पोस्टकार्डावर यातले काही येत नाही.

वॉरिकशायरमधल्या वेल्सबोर्न गावाचे उदाहरण घ्या. तिथे चेस्टनटचे एक झाड होते. फोटोत ते फक्त झाड. पण ७ फेब्रुवारी १८७२ च्या रात्री त्या झाडाखाली शेकडो शेतमजूर जमले आणि जोसेफ आर्च हा त्यांच्यातलाच मजूर त्यांच्यासमोर बोलला. त्यातून शेतमजुरांची देशव्यापी संघटना उभी राहिली. हा आर्च १८८५ मध्ये पार्लमेंटवर निवडून गेला. डॉर्सेटमधले टॉलपडल असेच शांत, देखणे खेडे. तिथल्या सहा मजुरांना १८३४ मध्ये संघटना बांधण्यासाठी शपथ घेतली म्हणून ऑस्ट्रेलियात काळ्या पाण्यावर धाडले गेले. या गोष्टी त्या गावांना कॅमेऱ्याने मिळवून दिल्या नाहीत. मजुरांनी त्या आठवणीत ठेवल्या, संघटनांनी दरवर्षी सांगितल्या, म्हणून त्या टिकल्या.

आपल्याकडचे उदाहरण लगेच डोळ्यांसमोर येते. महाडच्या चवदार तळ्याचा फोटो कुणा अनोळखी माणसाला दाखवा. तो म्हणेल, छान तळे आहे. पाण्यात दिसत काहीच नाही. २० मार्च १९२७ ला तिथे काय घडले आणि त्याआधी किती पिढ्या काय घडू दिले गेले नाही, हे सांगणारा माणूस बाजूला असेल तरच तो फोटो बोलतो.

त्याच प्रवासात आम्ही डडलीच्या ब्लॅक कंट्री लिव्हिंग म्युझियममध्ये गेलो. जुन्या इमारती मूळ जागेवरून उचलून तिथे आणून पुन्हा उभ्या केल्या आहेत. त्यातली एक क्रॅडली हीथच्या कामगारांची. क्रॅडली हीथला बायका घरामागच्या शेडमध्ये लोखंडी साखळ्या घडवायच्या. भट्टी, हातोडा आणि बाजूला टोपलीत मूल. १९०९ च्या कायद्याने किमान मजुरीची सोय झाली आणि त्यांच्यासाठी ताशी अडीच पेन्स दर ठरला. मालक द्यायला तयार होईनात. १९१० मध्ये मेरी मॅकआर्थरच्या नेतृत्वाखाली या बायकांनी दहा आठवडे टाळेबंदीला तोंड दिले आणि जिंकल्या. मदतीचा जो निधी उरला त्यातून १९१२ मध्ये ही इमारत उभी राहिली. मॅकआर्थरने फोटोंचा पुरेपूर उपयोग केला. वर्तमानपत्रांत या बायकांची तोंडे छापून आली. त्यात पेशन्स राउंड नावाची एकोणऐंशी वर्षांची म्हातारी होती. दहाव्या वर्षापासून ती साखळ्या घडवत आलेली. तिचे नाव आजही तिथे माहीत आहे.

आम्ही ते फोटो पाहत होतो तेव्हा एक आजीबाई नातीला समजावत होत्या, की माझ्या आजीचे अंगण अगदी असेच होते. मग आमच्याकडे वळून त्यांनी विचारले, कुठून आलात? आम्ही सांगितले. त्यांनी सहज पुढे विचारले, "मग तुमच्या आज्या काय काम करायच्या? त्यांचे फोटो आहेत का?"

काम आम्ही सांगू शकलो. शेण-गोठा, कापणी, बांधबंदिस्ती, रस्त्याची खडी. फोटोचे उत्तर मात्र चौघांपैकी एकालाही देता आले नाही.

त्या रात्री आम्ही हिशोब मांडला. आपापल्या घरातला सर्वांत जुना फोटो कोणता? एकाकडे आजोबांच्या गिरणीच्या ओळखपत्रावरचा, अंगठ्याएवढा. दुसऱ्याकडे महार रेजिमेंटमध्ये असलेल्या चुलत्याचा. तिसऱ्याच्या घरातला सर्वांत जुना फोटो घरच्या कुणाचाच नाही, तो बाबासाहेबांचा आहे. आजोबांनी नागपूरहून येताना विकत आणलेला. चौथा म्हणाला, "माझ्या आजीचा फोटो आहे. तुम्ही सगळ्यांनी तो पाहिलेला आहे." १४ ऑक्टोबर १९५६, दीक्षाभूमी. पांढऱ्या कपड्यांतली ती अथांग गर्दी. "त्यातला एक ठिपका माझी आजी. कोणता, ते ती गेल्यावर आता कोण सांगणार?"

बराच वेळ कुणी काही बोलले नाही.

आमच्या लोकांचे फोटो त्या काळात कुणी काढलेच नाहीत, असे मात्र नाही. याच ब्रिटिशांनी १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' नावाचे आठ खंड काढले. त्यात चारशेहून अधिक फोटो आहेत. पण ते जाती-जमातींचे नमुने म्हणून. क्रॅडली हीथच्या म्हातारीला शेवटी तिचे नाव मिळाले. त्या खंडांतल्या बहुतेक माणसांच्या खाली जातीचे किंवा जमातीचे नाव छापले गेले. स्वदेशात आठवण आणि वसाहतीत नमुना, असा हा दुटप्पी कारभार होता. पण सगळा दोष साहेबावर टाकून आम्ही मोकळे होणार नाही. इथल्या गावात कॅमेरा आला तो पाटलाच्या, देशपांड्याच्या वाड्यात आला. तो चावडीपुढे, देवळापुढे, पारापाशी उभा राहिला. गावकुसाबाहेर जायला त्याला वाट सापडली नाही, कारण कॅमेरा ज्याच्या हातात होता त्याला विटाळ होता.

आज मोबाईलवर 'आमचे जुने गाव', 'आठवणीतले गाव' असे फोटो रोज येतात. वाडा, विहीर, पार. खाली लोक लिहितात, किती सुखाचे दिवस होते, किती एकोपा होता! त्या विहिरीवर कोण चढू शकत नव्हते, हे लिहिले की "प्रत्येक गोष्टीत जात कशाला आणता?" असे उत्तर येते. ४ नोव्हेंबर १९४८ ला बाबासाहेबांनी संविधान सभेत खेड्याच्या या गोडव्याला सरळ नकार दिला होता, तो उगाच नव्हे. ते त्या गावाच्या कुसाबाहेरच्या अनुभवातून बोलत होते.

हा प्रश्न ब्रिटनमध्येही जाऊन पोचला आहे. डडलीपासून वुल्व्हरहॅम्प्टन जवळ आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर पंजाबातून माणसे तिथल्या ओतशाळांत आणि कारखान्यांत आली. इनॉक पॉवेल याच शहरातून निवडून आलेला खासदार. परक्यांच्या विरोधातले त्याचे कुप्रसिद्ध भाषण एप्रिल १९६८ चे. अलीकडे तिथल्या पंजाबी घरांतले जुने फोटो गोळा करून एक मोठा संग्रह करण्यात आला आहे. पहिली मोटार, लग्नाची वरात, कारखान्यातले सोबती. हे फार चांगले काम आहे. शहराचा इतिहास गोऱ्यांपुरता नाही, हे त्यातून ठसते.

पण पगडी घातलेले दोन कामगार एकाच भट्टीपुढे उभे असतात, तेव्हा फोटोत दोघे सारखेच दिसतात. संध्याकाळी त्यातला एक दुसऱ्याच्या घरचे पाणी पीत होता का, हे फोटो सांगत नाही. रविदासी समाजाला तिथे स्वतःची वेगळी प्रार्थनास्थळे का बांधावी लागली, हेही नाही. बाबासाहेबांच्या स्मरणार्थ त्याच शहरात बुद्धविहार उभे आहे. ते उभारणारे लोक जालंधर-होशियारपूरकडून आले, तसे त्यांचे अनुभवही सोबत आले. ब्रिटिश सरकारने जातीय भेदभावाची पाहणी करवून घेतली, तेव्हा २०१० च्या त्या अहवालाला पुरावा कोठून मिळाला? लोकांनी सांगितलेल्या अनुभवांतून. कामाच्या ठिकाणी, शाळेत, सेवा घेताना काय झाले, ते माणसांनी सांगितले. पुढे २०१३ मध्ये पार्लमेंटने जातीचा समावेश समता कायद्यात करण्याचे बंधन सरकारवर घातले. २०१८ मध्ये सरकारने ते करणार नाही असे जाहीर केले. लढाई संपलेली नाही. पण त्या लढाईत आठवण हीच साक्ष आहे, एवढे त्यातून स्पष्ट होते.

किंग हेन्रीज रोडच्या घराचेही तसेच झाले. स्मारक झाल्यावर काही शेजाऱ्यांनी हरकत घेतली. घर राहण्यासाठी आहे, माणसांची गर्दी होते, गोंगाट होतो. २०१८ मध्ये स्थानिक कौन्सिलने परवानगी नाकारली. चौकशी झाली आणि मार्च २०२० मध्ये मंत्र्याच्या निर्णयाने परवानगी मिळाली. त्या रस्त्याच्या इतिहासात बाबासाहेब मोडतात की नाही, याचा निवाडा करावा लागला. भिंतीवर पाटी असूनही.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच आहे. ब्रिटनकडून घ्यायचे असेल तर ती सवय घ्यावी. लहानातल्या लहान गावाची नोंद ठेवायची आणि फोटोतल्या माणसाला नाव द्यायचे. पण सोबत जोसेफ आर्चच्या मजुरांची आणि क्रॅडली हीथच्या बायकांची सवयही घ्यावी. गोड आठवणींच्या बाजूला आपली कडू आठवण तारखेनिशी आणि नावानिशी उभी करायची.

आम्ही आमच्या तालुक्यात काम सुरू केले आहे. वस्तीत जातो. घरात असेल तो फोटो मोबाईलवर टिपतो आणि सांगणाऱ्याचा आवाज नोंदवतो. फोटो नसेल तर जागेचा फोटो आज काढतो आणि तिथल्या म्हाताऱ्या माणसाला तिथेच उभे करून विचारतो. पाणी कुठून आणायचे? ओंजळीत कोण वाढायचे? शाळेत कुठे बसायचे? मेलेले ढोर ओढायचे कधी बंद केले आणि त्या दिवशी गावाने काय केले? पहिली जयंती कुणाच्या दारात झाली? गेल्या पावसाळ्यात नव्वदीतल्या एका बाईने आम्हाला विहिरीची नेमकी ती पायरी दाखवली, जिच्यापुढे तिला जाता येत नव्हते. आम्ही तिला त्याच पायरीवर बसवून फोटो काढला. मागे तिचे पूर्ण नाव लिहिले, सासरचे आणि माहेरचे.

दिवाळीपर्यंत ती राहिली नाही.

आपापल्या घरातल्या म्हाताऱ्यांकडे या आठवड्यातच जा. दीक्षाभूमीचा तो फोटो सोबत न्या आणि विचारा, तुम्ही यात कुठे होता?

जय भीम!