कोट नसलेल्यांची पंगत

केबिनमध्ये उशाशी एक चौपानी पत्रक ठेवलेलं होतं. उद्या सूर्योदय किती वाजता, बिंगो कुठल्या मजल्यावर, योगासनं कधी (आणि त्यांचे डॉलर किती), आणि तळाला चौकटीत ठळक अक्षरांत: संध्याकाळचा पोशाख, फॉर्मल. हिने चष्मा लावून ते दोनदा वाचलं. मग चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

"सांगत होते, कोट घ्या म्हणून."

कोट ठाण्याला कपाटात होता. मुलीच्या लग्नात शिवलेला, त्यानंतर जेमतेम दोनदा अंगावर चढलेला. विमानात २३ किलोच्या बॅगेत मुलाकडे सिअ‍ॅटलला न्यायची थालीपिठाची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला आणि नातवासाठी लाकडी बैलगाडी. या सगळ्यांशी झालेल्या लढतीत कोट हरला. मीच त्याला काट्यावरून उतरवला होता. हिची मोरपंखी पैठणी मात्र जुन्या मलमलीत गुंडाळून आली होती. अलास्काच्या बर्फात पैठणी कशाला, हे मी विचारलं नव्हतं. चाळीस वर्षांच्या संसारात तेवढं शिकलो आहे.

सात रात्रींच्या क्रूझमध्ये अशा फॉर्मल रात्री साधारण दोन असतात. पहिली रात्र कधीच नसते, कारण तेव्हा निम्म्या लोकांच्या बॅगाही केबिनपर्यंत पोचलेल्या नसतात. बहुधा जहाज दिवसभर कुठल्याच बंदराला लागणार नसेल, ती संध्याकाळ निवडतात. पुरुषांनी टक्सिडो घालायचा, निदान गडद सूट. बायकांनी पायघोळ गाऊन. क्यूनार्डसारखी जुनी ब्रिटिश कंपनी अशा रात्रीला 'गाला' म्हणते आणि राष्ट्रीय पोशाखही चालेल अशी सवलत देते. सवलत चांगली आहे. पण माझा राष्ट्रीय पोशाख अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट आहे, हे कुणी ध्यानात घेतलेलं दिसत नाही.

टक्सिडो हे नाव न्यूयॉर्कजवळच्या टक्सिडो पार्क नावाच्या धनिकांच्या वसाहतीवरून पडलं. तिथला क्लब १८८६ सालचा. गंमत अशी की त्याच साली अमेरिकेने एक कायदा केला: परदेशी जहाजांनी अमेरिकन बंदरांमध्ये आपसात प्रवाशांची ने-आण करायची नाही. म्हणून परक्या देशाचं निशाण लावलेली ही अवाढव्य जहाजं सिअ‍ॅटलहून निघून सिअ‍ॅटललाच परत येताना वाटेत कॅनडातल्या व्हिक्टोरियाला हजेरी लावून येतात. म्हणजे एकाच सालाने आमच्या अंगावर कोट मागितला आणि फुकटात व्हिक्टोरिया दाखवलं.

आमच्याबरोबर जहाजावर आलेल्या मुलाने त्याचा ब्लेझर देऊ केला. बाह्या माझ्या बोटांच्या पेरांपर्यंत आल्या. नातू इतका हसला की तो पर्याय तिथेच संपला.

तर मग जेवायचं कुठे? मोठ्या डायनिंग रूमचं दार बंद झालं तरी जहाजावर कुणी उपाशी राहत नाही. तरण तलावाजवळ बर्गरची भट्टी असते, तिथे ओल्या अंगाने उभं राहिलं तरी चालतं. पिझ्झाचं काउंटर रात्री उशिरापर्यंत उघडं असतं. काही जहाजांवर पब असतो, तिथे मासळीचे तळलेले तुकडे आणि बटाट्याच्या फोडी मिळतात. जादा पैसे भरून जायची खास रेस्टॉरंटं असतात, तिथे नियम थोडे सैल. आणि केबिनमध्ये ताट मागवता येतं. हा शेवटचा प्रयोग आम्ही पहिल्या फॉर्मल रात्री करून पाहिला. धातूच्या झाकणाखाली सँडविच आलं. पलंगावर मांडी घालून, मांडीवर ताट घेऊन, एकमेकांकडे पाठ करून आम्ही ते खाल्लं. कुणी भेटायला येईल आणि शहाळं ठेवून जाईल असं वाटत राहिलं. इस्पितळातल्या जेवणाची इतकी हुबेहूब नक्कल मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

अर्ध्या तासाने दोघं उठून वर गेलो. वर म्हणजे लिडो डेकवर, बुफेला.

सकाळी हाच बुफे म्हणजे मे महिन्यातलं एसटी स्टँड असतं. दारात हात धुवा म्हणून हटकणारा कर्मचारी, ऑम्लेटची रांग, टेबल धरायला ठेवलेल्या टोप्या आणि पर्सा, ताटात अननसावर तिरपं पडलेलं बेकन. पण फॉर्मल रात्री साडेआठला तिथे शांतता होती. एका कोपऱ्यात चौदा-पंधरा माणसांचं पंजाबी कुटुंब तीन टेबलं जोडून बसलेलं, मधोमध घरून आणलेल्या लोणच्याची बाटली. चाकाच्या खुर्चीतल्या आजी आणि त्यांना सूप भरवणारा नातू. झोपेने पेंगणारं एक पोर आईच्या खांद्यावर. विंडचीटर घातलेला, दुर्बीण गळ्यात अडकवलेला एक म्हातारा. तो दर दोन घासांनी उठून काचेपाशी जात होता. जहाज त्या दिवशी उघड्या पॅसिफिकवर होतं आणि बऱ्यापैकी डुलत होतं, त्यामुळे नुसता भात आणि हिरवं सफरचंद घेऊन बसलेली पांढरीफटक माणसंही होती. यांतल्या कुणाकडे कोट नव्हता, कुणाला घालवत नव्हता, कुणाला घालायचा नव्हता.

आणि तिन्ही बाजूंनी काच होती. जमिनीपासून छतापर्यंत. त्या काचेबाहेर, रात्रीचे नऊ वाजून गेले तरी न संपणारा, राखाडी-गुलाबी उजेड.

मला वाटतं मुद्दा कोटाचा नाहीच, खिडकीचा आहे. खालच्या मोठ्या डायनिंग रूमला आम्ही दुपारी फेरी मारून आलो होतो. झुंबरं, दोन मजली जिना, जाड पडदे. संध्याकाळी दिवे लागले की काचेत फक्त आपणच दिसणार, समुद्र नाही. आणि हे चुकून झालेलं नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अटलांटिक ओलांडणाऱ्या जहाजांच्या मालकांना प्रवाशांनी समुद्र विसरावा असंच हवं होतं. समुद्र म्हणजे ओकारी आणि भीती. म्हणून पॅरिसच्या रिट्झ हॉटेलचे वास्तुशिल्पी शार्ल मेवेस यांना बोलावून १९०५ मध्ये जर्मनांनी 'अमेरिका' नावाच्या जहाजाची अंतर्सजावट करून घेतली. जहाजात हॉटेल नव्हे, हॉटेललाच जहाजाचं कवच. त्याच जहाजावर मुख्य भोजनगृहाला पर्याय म्हणून रिट्झ-कार्लटनच्या नावाचं, वेगळे पैसे घेणारं रेस्टॉरंट निघालं. 'टायटॅनिक'वरही लुईजी गाट्टी नावाच्या इटालियन माणसाचं तसंच रेस्टॉरंट होतं. म्हणजे मुख्य पंगत टाळून दुसरीकडे जेवायची सोय जुनीच; फक्त ती तेव्हा अधिक श्रीमंत होण्यासाठी होती, माझ्यासारख्या बुशशर्टवाल्यासाठी नव्हती.

आमच्यासाठी सोय व्हायला २००० साल उजाडलं. नॉर्वेजियन क्रूझ लाइनने 'फ्रीस्टाइल' म्हणत ठरलेली वेळ, ठरलेलं टेबल आणि कोट तिन्ही सोडून दिलं. पुढे सेलिब्रिटीने २०१५ च्या अखेरीस 'फॉर्मल' हा शब्दच खाली ठेवला आणि त्या जागी 'इव्हनिंग शिक' आणला. त्याचा नेमका अर्थ काय, हे तो घालणाऱ्यालाही विचारावं लागतं. क्यूनार्ड मात्र अजून ठाम आहे. त्यांच्या 'क्वीन मेरी २' वर साउदॅम्प्टन ते न्यूयॉर्कच्या सात रात्रींत गाला असतोच, आणि ज्याला नटायचं नाही त्याने किंग्ज कोर्ट नावाच्या बुफेत किंवा गोल्डन लायन पबात जावं असं सभ्यपणे सुचवलेलं असतं. सभ्यपणा खरा, पण बोट कुठल्या जिन्याकडे दाखवलं आहे ते कळतं.

हे बोट मी ओळखतो. आजोळी विजयदुर्गाजवळ गणपतीच्या दिवसांत सोवळ्यातली पंगत माजघरात बसायची. आजोबा, मामा, भटजी, सगळे कद किंवा मुकटा नेसून, ताटाभोवती चित्राहुती घालून. आम्ही पोरं ओवळी. शाळेतून, पावसातून, चिखलातून आलेली. आमची पानं मागच्या पडवीत. आत श्लोक म्हणत, घाम पुसत, रेशीम सावरत जेवणं चालायची. आम्ही पागोळ्यांच्या धारेत हात घालून बघत जेवायचो. मोदक आम्हाला उशिरा मिळायचे पण गुळाचं सारण भांड्यात खरवडायला मिळायचं. पडवीच्याही पलीकडे, अंगणात बसणारी माणसं होती. त्यांच्या पानावर कुणी आणि किती लांबून वाढायचं, हेही ठरलेलं असे. ते आठवलं की सोवळ्याची गंमत सांगताना जीभ जड होते.

आणि जहाजावरचं माझं पहिलं जेवण याच आजोळच्या वाटेवरचं. भाऊच्या धक्क्याहून कोकण बोट सुटायची. डेकवर चादर पसरून जागा धरायची, ट्रंक उशाला. आई दुधातल्या दशम्या आणि लसणीची चटणी सोडायची, शेजारची बाई सुकटीचं काहीतरी काढायची आणि अर्ध्या तासात दोन्ही डबे फिरलेले असायचे. डिझेलचा वास, खारा वारा, हरणैच्या आसपास कुणालातरी लागलेली बोट. पोशाखाचा नियम असा नव्हता. फक्त बंदर आलं की बोटीवरून पडावात उतरताना धोतर आणि लुगडी गुडघ्याच्या वर खोचावी लागत. समुद्र विसरायची सोयच नव्हती, तो पायाला लागायचा.

बुफेतल्या गरम पदार्थांच्या ओळीत शेवटी डाळ, जिऱ्याचा भात आणि कसलीशी पिवळी भाजी असायची. तिथे वाढणाऱ्या मुलाने आमचं बोलणं ऐकलं आणि डाव हातात धरूनच विचारलं, "तुमी खंयचे?" वेंगुर्ल्याचा होता. नऊ महिन्यांचा करार, चौथं जहाज. छातीवरच्या पाटीवर नावाखाली 'इंडिया' लिहिलेलं. मला धोबीतलावच्या कुडी आठवल्या. गोव्याच्या गावागावांनी मुंबईत आपापल्या दर्यावर्दी पोरांसाठी धरलेल्या खोल्या. भिंतीशी ट्रंकांची रांग, कोपऱ्यात देवघर, आणि बोट मिळेपर्यंतची वाट. गोव्यात अशा माणसाला तारवटी म्हणतात. ब्रिटिश जहाजांच्या स्वयंपाकघरांत आणि सलूनांत पिढ्यानपिढ्या त्यांनीच वाढलं. टक्सिडोतल्या माणसाच्या मागे पांढऱ्या कोटात उभा असलेला माणूस, बऱ्याचदा आपल्या किनाऱ्याचा. म्हणजे कोट आमच्याकडे कधीच नव्हता असं नाही.

दुसरी फॉर्मल रात्र ग्लेशियर बेच्या दिवशी आली. सकाळी राष्ट्रीय उद्यानाचे रेंजर छोट्या बोटीने येऊन जहाजावर चढले. या खाडीत दिवसाला दोनच मोठी जहाजं सोडतात. मार्जरी हिमनदीसमोर जहाज तासभर जागच्या जागी फिरत राहिलं. निळसर बर्फाचा एक इमारतीएवढा कडा सुटून पडला. आधी तो पडताना दिसला आणि मग तोफ डागल्यासारखा आवाज आला. हजारो माणसं एकदम गप्प झाली. नंतर सगळी खाली कपडे बदलायला पळाली.

हिने पैठणी नेसली. मी मुलाचा टाय माझ्या स्वेटरवर बांधला, ते सांगायलाही नको. जिन्यापाशी जहाजाच्या फोटोग्राफरने आम्हाला अडवून एका रंगवलेल्या पडद्यापुढे उभं केलं. पडद्यावर सूर्यास्त होता. त्याच्या मागच्या खिडकीत खरा सूर्य अजून बर्फाच्या डोंगरावर टेकायचा होता, पण फोटोग्राफरने तिकडे पाठ करायला सांगितलं. (तो फोटो आम्ही घेतला नाही. किंमत ऐकून मी गडबडलो. ही अजून काढते तो विषय.)

"खाली जायचं का?" मी विचारलं. स्वेटर-टायला कदाचित सोडलं असतं. खाली त्या रात्री लॉबस्टर होता आणि शेवटी दिवे मंद करून वेटर 'बेक्ड अलास्का' मिरवत आणणार होते: आत आइस्क्रीम, बाहेर भाजलेला अंड्याच्या पांढऱ्याचा फेस. ही शाकाहारी. तिने पदर खांद्यावर नीट घेतला आणि लिफ्टचं वरचं बटण दाबलं.

बुफेत त्या दिवशी खिडकीजवळचं टेबल मिळालं. मोरपंखी पैठणी, समोर काचेच्या वाटीत डाळ. दुर्बीणवाला म्हातारा उठून आला, आम्हाला न विचारता काचेकडे बोट दाखवलं. लांब एक कारंजं उडालं आणि काळी पाठ वळून पाण्यात गेली. तो परत जाऊन बसला. तेवढीच त्याची-आमची ओळख.

साडेदहाच्या सुमाराला मी पिझ्झाच्या काउंटरपाशी गेलो, नातवासाठी एक तुकडा न्यावा म्हणून. रांग होती आणि रांगेत सगळे टक्सिडो होते. बो-टाय सुटून गळ्यात लोंबणारे, उंच टाचांचे बूट हातात घेतलेल्या बायका, एकाने कोट काढून बायकोच्या उघड्या खांद्यांवर टाकलेला. माझ्या पुढचा गृहस्थ मागे वळून, कबुली दिल्यासारखा म्हणाला की लॉबस्टर उत्तम होता, पण होता एवढासा. त्याने अंगठा आणि तर्जनीत अंतर दाखवलं. मी आदराने मान डोलवली.

परत टेबलाशी आलो तर वेंगुर्ल्याचा पोरगा ताटं उचलत उभा होता आणि हिच्याशी बोलत होता. डाळ आज जरा पातळ झाली होती, हे त्याने स्वतःच मान्य केलं. मग जरा वाकून, हळू आवाजात म्हणाला, "काकू, खाली आमच्या मेसात आज माशाची कढी आसा." खाली म्हणजे डायनिंग रूमच्याही खाली, पाण्याच्या रेषेशी, जिथे प्रवाशांना जाता येत नाही.

"मी नाही खात मासे," ही म्हणाली. "पण सोलकढी असते का रे तुमच्यात?"

तो हसला. "सोलां खंयसून मिळतली हय, काकू? पण आगळाची बाटली माझ्या बॅगेत आसा. आवशीन दिलेली."

ताटांची चळत छातीशी धरून तो दारापर्यंत गेला. तिथून वळून त्याने बोटांनी दाखवलं, बाटलीत किती उरलं आहे ते.