जिन्यातील परीक्षणे
(या मालिकेतील आजचा भाग थोडा घरगुती)

दिवाळीच्या सुट्टीत घाटकोपरच्या आमच्या इमारतीत किल्ला जिन्याखाली उभा राही आणि खरी लढाई दुसऱ्या मजल्यावर टीव्हीसमोर चाले. यंत्र म्हणजे निन्टेन्डोच्या १९८३ सालच्या फॅमिकॉमची बेनामी नक्कल. कॅसेटवर ‘९९९९९९९ इन १’ असे छापलेले. आत मोजून वीसेक खेळ, तेच पुनःपुन्हा.

माहितीपुस्तिका नसेच. कोणती कॅसेट अदलाबदलीस योग्य, कोणती अडकते, याची परीक्षणे जिन्यात होत आणि ती निर्दय असत. ‘कॉन्ट्रा’त ३० लाइफ देणारा कळांचा क्रमही तोंडीच आला. तो मुळात कोनामीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी १९८६च्या ‘ग्रेडियस’साठी योजला होता, कारण चाचणी घेताना तो खेळ त्यांनाच झेपेना!

या साऱ्याचा कागद कुठेही नाही. इमारत पुनर्विकासात गेली, यंत्र भंगारात. म्हणून यंदाच्या सुट्टीत मी ताईची मुलाखत ध्वनिमुद्रित केली. रिमोट तिच्या हाती सर्वांत शेवटी येई; मात्र तासन्तास नुसते पाहत बसल्याने तिला प्रत्येक पातळी आमच्यापेक्षा नेमकी आठवते. ‘कॉन्ट्रा’ पहिल्यांदा कोणी संपवला, यावर आम्हा मुलांत आजही वाद आहे. ताई म्हणाली, “मी. तुम्ही झोपल्यावर, आवाज बंद करून.”