कवायतीतला वेंधळा

कुणी पोस्टाची तिकिटे जमवतो, कुणी जुनी नाणी. मी लष्करी फजितीचे विनोदपट जमवतो. "तीच ती कवायत किती वेळा पाहणार?" असे घरात मला विचारले जाते. माझे उत्तर ठरलेले : ती कवायत दर वेळी तितक्याच सुरेख रीतीने बिघडते !

१९४१ चा 'बक प्रायव्हेट्स'च घ्या. रस्त्यावर नेकटाय विकणारी ॲबट आणि कॉस्टेलो ही जोडी पोलिसाला चुकवण्यासाठी एका चित्रपटगृहात शिरते. तिथे चाललेली असते सैन्यभरती ! बक्षिसासाठी नावे नोंदवतो आहोत अशा समजुतीने दोघे सह्या करतात आणि शिपाई होतात. छावणीत सार्जंट म्हणून पुढे उभा कोण? तर तोच पोलीस ! मग कवायतीत गुटगुटीत कॉस्टेलोची जी त्रेधा उडते, ती पाहावीच.

हा हशा मात्र निश्चिंत मनाचा नव्हता. सप्टेंबर १९४० मध्येच अमेरिकेने शांततेच्या काळात प्रथमच सक्तीच्या सैन्यभरतीचा कायदा केला होता. पडद्यासमोर हसणाऱ्या कितीतरी तरुणांना उद्या तीच हाक यायची होती.

चॅप्लिनने तर हे धाडस युद्ध चालू असतानाच केले. 'शोल्डर आर्म्स' ऑक्टोबर १९१८ मध्ये झळकला, तेव्हा महायुद्ध संपायला तीन आठवडे उरले होते. खंदकातल्या खोलीत पाणी भरते आणि चार्ली ग्रामोफोनचा कर्णा तोंडाला लावून पाण्याखाली झोपतो. हसता हसता आठवते, की फ्रान्समधल्या खऱ्या खंदकांतही माणसे चिखलपाण्यातच दिवस काढीत होती. आणि ते पत्राचे दृश्य ! सर्वांना टपाल येते, चार्लीला येत नाही. मग तो दुसऱ्याच्या खांद्यावरून त्याचे पत्र वाचतो. तो हसला की हा हसतो, तो गंभीर झाला की हाही गंभीर होतो.

घरोघरी व्हिडिओ येण्यापूर्वी कॅसल फिल्म्स ही अमेरिकन कंपनी ॲबट-कॉस्टेलोच्या चित्रपटांतले तुकडे ८ मिलिमीटरच्या रिळांवर विकत असे. त्यांतली बरीच रिळे मूक असत. बडबडीवर जगणाऱ्या जोडीची बडबडच नाही, तरी लोक ती हौसेने घेत. गंमत केवळ शब्दांत नव्हती, ती त्या अडखळणाऱ्या देहांतही होती.

शंभर माणसांनी एका माणसासारखे चालावे, हाच कवायतीचा हेतू. युद्धाला ते लागतही असेल. पण त्या शंभरांत एखादा वेंधळा असा निघतो, की काही केल्या त्याला दुसऱ्यासारखे होता येत नाही. सेनापतींचे पुतळे चौकाचौकांत उभे आहेत. या वेंधळ्याचा पुतळा कोण उभारणार? त्याला जपण्याचे काम आम्हा संग्राहकांकडेच आले आहे.