गाठीआधीच्या चुका

भदोहीला एका गालिचा निर्यातदाराकडे मी काही वर्षं हिशेबनीस होतो. कुठल्या नक्षीला चौरस फुटामागे किती मजुरी, किती सूत, धुलाईत किती तूट, हे सगळं मला तोंडपाठ होतं. माग रोज डोळ्यांसमोर असायचे, पण त्यांच्यावर मी एकदाही बसलो नव्हतो. तेवढ्याच भांडवलावर मी गावी, परभणीच्या जिंतूर तालुक्यात परतलो आणि हातगाठीच्या लोकरी गालिच्यांचा माग उभा केला. त्यात काय काय चुकलं ते लिहून ठेवतो आहे. अलीकडे मराठवाड्यात असा माग घालू पाहणारी काही तरुण मुलं-मुली मला भेटली आणि त्यांच्या बोलण्यात माझेच जुने गैरसमज ऐकू आले.

सगळ्यात मोठा गैरसमज लोकरीचा. आमच्याकडे हटकर धनगरांचे कळप आहेत. वर्षातून दोनदा मेंढ्यांची कातर होते आणि कातरलेल्या लोकरीला आता गिऱ्हाईक नाही. कित्येकदा ती बांधावर पडून राहते. भदोहीत बिकानेरची लोकर पैसे मोजून येताना मी पाहिली होती. इथे तर कच्चा माल जवळजवळ फुकट, असा हिशेब मी मांडला. लोकर म्हणजे लोकर, हे त्या हिशेबातलं गृहीतक होतं आणि तेच खोटं होतं.

गालिच्याच्या लवेला साधारण ३० ते ४० मायक्रॉन जाडीचा तंतू लागतो. पायाखाली दाबला तरी तो पुन्हा उभा राहिला पाहिजे. राजस्थानातल्या चोकला आणि मगरा मेंढ्यांची लोकर त्यासाठीच नावाजलेली आहे. आमची दख्खनी मेंढी उन्हात कोसच्या कोस चालते, कोरड्या कुरणावर जगते, मांसासाठी पाळली जाते. तिची लोकर भरड, आखूड, बहुतेक काळी, आणि तिच्यात केस फार. हे केस आतून पोकळ असतात. ते रंग नीट धरत नाहीत आणि वळले की तुटतात. घोंगडी याच लोकरीची होते, पण घोंगडीची सगळी रीतच वेगळी. ताणाही लोकरीचा, बाणाही लोकरीचा, वर चिंचोक्याची खळ. तिथे भरडपणा कामाला येतो. सणगरांनी पिढ्यान्‌पिढ्या या लोकरीकडून तिला जमेल तेच काम करून घेतलं. मी तिच्याकडून भदोहीचं काम मागत होतो.

वर मी ती धुतलीही चुकीची. मेण आणि मळ लवकर सुटावा म्हणून उकळत्या पाण्यात धुण्याचा सोडा टाकला आणि लगेच गार पाण्यात बुचकळली. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. उष्णता, क्षार आणि चोळणं एकत्र आलं की ते एकमेकांत अडकतात. पोतंभर लोकरीचा नमदा झाला. उरलेल्या लोकरीतली कुसळं मी पिंजताना निघतील म्हणून सोडून दिली. पहिला गालिचा घरात अंथरला तेव्हा आईने त्यावर पाय ठेवला आणि लगेच उचलला.

शेवटी एका वयस्क मेंढपाळाला मी पोती दाखवली. त्यांनी हात घालून मूठभर लोकर बाहेर काढली, बोटांनी उकलली आणि म्हणाले, "बापू, म्हाताऱ्या मेंढीची, कोकराची, पाठीची, पोटाची, सारी एकाच पोत्यात कामून कोंबली? जावळ कुठंय यातलं?" कोकराची पहिली कातर म्हणजे जावळ. ते मऊ असतं, घोंगडीवाल्यांत त्याला सगळ्यात जास्त मान. हा शब्द मी लहानपणापासून ऐकला होता. पण लोकर घ्यायला गेलो तेव्हा मेंढ्या पाळणाऱ्या कोणाशी मी पाच मिनिटं बोललो नव्हतो. फक्त भाव विचारला होता.

ताण्याचंही तसंच. गालिच्याचे उभे धागे सुती असतात. कापूस आमच्या जिल्ह्याचं पीक, मानवत आणि सेलूच्या बाजारात तो ढिगांनी येतो, म्हणून ताण्याची काळजी मी केलीच नाही. मिळालं ते पातळ, कमी पेडांचं सूत चढवलं आणि तेही उन्हाळ्यात. परभणीचा मे महिना बेचाळीस-त्रेचाळीस अंशांचा आणि हवा कोरडी ठणठणीत. अशा हवेत सुती धागा कडक होऊन तुटतो. मुंबईत गिरण्या उभ्या राहिल्या त्यामागे तिथली दमट हवाही होती, हे शाळेच्या भूगोलात मीही वाचलं होतं. गाठी ठोकायचा पंजा मारला की धागा तुटायचा आणि जिथे जोडला तिथे गालिच्याला गुठळी यायची.

आणखी एक चूक मात्र निव्वळ हाताची. गाठींची एक ओळ पुरी झाली की आडवा धागा घालून पंज्याने ठोकतात. तो धागा थोडा सैल, कमानीसारखा घालावा लागतो, म्हणजे ठोकल्यावर तो बरोबर बसतो. आम्ही तो ताणून घालत होतो. प्रत्येक ओळीला केसभर रुंदी आत जायची, आणि गालिचा मागावरून उतरवला तेव्हा त्याचं वरचं टोक खालच्यापेक्षा वीतभर अरुंद भरलं. काठ आत येतोय असं शेजारच्या वहिनी मध्येच म्हणाल्या होत्या. पुढे सरळ होईल, असं मी उत्तर दिलं. विणकामात मागची ओळ पुढे जाऊन सरळ होत नाही. ती उसवावी लागते.

हिशेब तरी बरोबर असायला हवा होता, माझा पेशाच तो. तीन बाय पाच फुटांचा गालिचा म्हणजे २,१६० चौरस इंच. इंचाला ६० गाठी धरल्या, आणि हे काही बारीक काम नव्हे, तरी १,२९,६०० गाठी होतात. सरावाचा हात दिवसाला सहा-आठ हजार गाठी मारतो. आमचे हात नवे होते, निम्म्यावरही पोचत नव्हते, आणि मी मजुरी मात्र भदोहीच्या दराने लावली. त्या दरात मागावर बसणाऱ्या बायांची दिवसाची मिळकत शेतमजुरीच्याही खाली गेली. दसऱ्यानंतर कापूस वेचणी सुरू झाली आणि माग ओस पडला. मी रागावलो. त्यावर एक मावशी शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, गाठीचे पैसे गालिचा इकल्यावर. कापसाचे आजच्या आज. लेकरायला आज जेवायला लागतं." मला बोलायला तोंड राहिलं नाही.

यानंतर जे सांगायचं ते या सगळ्यांहून गंभीर आहे. माग रिकामा होता, पुण्याच्या एका घराची मागणी घेऊन बसलो होतो, आणि मी नात्यातल्या एका सातवीतल्या मुलीला मागावर बसवलं. तिचे हात चपळ होते. लहान बोटांनी बारीक गाठ चांगली बसते, ही गालिच्याच्या धंद्यातली जुनी थाप मी स्वतःला पटवून दिली. गाठ बारीक येते ती सरावाने, बोटांच्या आकाराने नाही. १९८६ च्या बालकामगार कायद्याने मुलांना बंदी असलेल्या कामांत गालिचा विणणं घातलं, हे मला माहीत होतं. कैलाश सत्यार्थींच्या पुढाकाराने १९९४ मध्ये बालमजुरीविना विणलेल्या गालिच्यांसाठी 'रगमार्क'चा शिक्का सुरू झाला, आज त्याला 'गुडवीव्ह' म्हणतात, हेही माहीत होतं. न कळून झालेली ही गोष्ट नव्हे. लोकरीच्या धुळीने ती खोकायला लागली, तरी मी खिडकी उघडून दिली आणि काम चालू ठेवलं.

तिच्या शाळेचे सर एका संध्याकाळी आले. मी म्हणालो, "सर, शाळा सुटल्यावरच बसते ती." ते म्हणाले, "शाळा सुटल्यावर ती अभ्यासाला बसायची."

त्या दिवशी ती मागावरून उठली. तिच्या गाठी असलेला गालिचा मी विकला नाही. मागणी परत केली, घेतलेले पैसेही. तिची आणि तिच्या आईवडिलांची माफी मागितली. त्याने तिचं वाया गेलेलं सत्र परत आलं नाही.

एक खोटेपणा अजून सांगायचा राहिला. मालाला बांधायच्या चिठ्ठीवर मी 'निजामकाळापासूनची परंपरा' असं छापलं होतं. आधार एवढाच की परभणी १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होती आणि त्याच संस्थानातल्या वारंगळचे गालिचे १८५१ साली लंडनच्या प्रदर्शनात मांडले गेले होते. वारंगळचं कौतुक वारंगळचं. आमच्या गावात माग होते ते घोंगडीचे, आणि त्यांच्याविषयी मी चिठ्ठीवर एक अक्षर लिहिलं नव्हतं. त्या चिठ्ठ्या मी जाळल्या.

आता माग पावसाळ्यात आणि हिवाळ्यात चालतो, वेचणीच्या दिवसांत बंद असतो. ताणा जाड, बऱ्याच पेडांचा. लवेला बिकानेरचं सूत विकत आणतो. दख्खनी लोकरीतलं जावळ तेवढं निवडून, न रंगवता, काळ्या-करड्या काठासाठी वापरतो. मजुरी दिवसाची, रोख. मागावर बसणारी प्रत्येक व्यक्ती अठरा वर्षांच्या वरची. माल थोडा निघतो आणि स्वस्त पडत नाही.

घरासाठी गालिचा घेणाऱ्यांना एक विनंती आहे. दुकानात तो उलटा करून बघा. मागे कापड चिकटवलेलं असेल तर तो हातगाठीचा नाही. हातगाठीच्या गालिच्याच्या पाठीवर एकेक गाठ आणि नक्षी स्पष्ट दिसते. मग तो कुठे विणला आणि विणणाऱ्याचं वय काय, हे दोन प्रश्न विचारा. त्यांचं सरळ उत्तर मिळालं नाही, तर तो घेऊ नका.